ग्राहक क्रमांक

लाईट बिल तेरा तारखेला.
गॅस संपेल तेव्हा.
पाणीपट्टी येईल तशी, घरफाळा वर्षाचा,
दुधाचं कार्ड खिळ्याला.
आणि ह्यांचा पगार शनिवारी,
उद्यमनगरात, लेथ पुसून झाल्यावर,
ऑइलच्या बोटांचे ठसे उमटलेल्या नोटा.

तारखा आणि शनिवार
आपणहून कधी भेटत नाहीत.
त्यांची गाठ घालून द्यायची, ते काम माझं.

एकोणीस वर्षं
शिलाई मशीनच्या डाव्या खणात चार पाकिटं,
लग्नपत्रिका उलट्या करून चिकटवलेली.
गॅसच्या पाकिटातून दुधाला उसने,
दुधातून वह्यांना,
पिको-फॉलच्या पाच साड्या झाल्या की
ज्याचं त्याला परत.
एकदा लाईटचे दोनशे चाळीस
चुलतजावेच्या आहेरात गेले.
कुणाला ठाऊक नाही. आत्ता तुम्हाला सांगितलं.

बिलाच्या खिडकीतले मिठारी
नाव विचारायचे नाहीत.
मी नंबर म्हणायची, बारा आकडे, तोंडपाठ.
लेकीची जन्मवेळ विसरेन, हा नाही.
"युनिट वाढलं वहिनी. पाव्हणे आलते काय?"
व्हय. नणंद आलती.
रोज तीन साड्यांना इस्त्री.

मग लेक म्हणाली,
आई, ऑटो-पे लावूया बाबांच्या फोनवर.
मालक आता पगार खात्यावर टाकतोय,
तारीख आली की आपोआप कटतील.
ऊन नको, रांग नको, सुट्टे नकोत.
ह्यांनी मान हलवली.
त्यांचा फोन. त्यांचं खातं. त्यांचा पिन.
सोय लई छान. खरं,
खणातली पाकिटं चपटी झाली.

पहिल्या महिन्यात पैसे कटले
तेव्हा मी मटकी निवडत होते.
ह्यांच्या खिशात टिंग वाजलं.
"काय?"
"काय न्हाई. लाईट."
किती, ते सांगितलं नाही.
लपवायचं म्हणून नव्हे,
त्यांना वाटलं, हिला कशाला.
मी वर ट्यूबकडं बघितलं.
कितीची जळतेय, कळेना.

दुसऱ्या महिन्यात खात्यात शिल्लक नव्हती.
नसणार हे मला ठाऊक होतं,
मंगळवारीच दोस्ताच्या टेम्पोच्या टायरला दिलेले.
खरं, मला विचारलं कुणी?
बँकेनं गप दंड कापून घेतला.
बँक म्हणजे काय मिठारी आहेत,
पाव्हणे आलते काय विचारायला?

टिपुगडे पिग्मी न्यायला आले,
त्यांना म्हटलं, मोडा.
साडेअकरा हजार.
माझ्या नावानं खातं काढलं,
फॉर्मवर सही तीनदा केली, तिन्ही वेगळ्या.
लेकीचा जुना फोन घेतला, काच तडकलेला.
पिन टाक, ती म्हणाली, लक्षात राहील असा.
वाढदिवस नको, कुणी पण ओळखतं.

मला हसू आलं.
बारांतले चार.
कुठले चार, ते ह्या कागदालाही सांगणार नाही.

आता लाईट मी भरते, बारा तारखेला रात्री.
आपोआप नाही. बोटानं.
आधी आकडा मोठ्यानं वाचते, भाकऱ्या व्हायच्या आत.
परवा ह्यांनी न सांगता पंखा बंद केला.
गॅस पण फोनवरनं.
दुधाला मात्र रोख:
शबाना मुजावरकडं पाच रुपये सुट्टे नसतात,
ते पाच कधी तिच्याकडं, कधी माझ्याकडं,
सहा वर्षं झाली, मिटलेले नाहीत,
आम्ही मिटवतही नाही.
आणि पाणीपट्टी अजून खिडकीवर.
का, ते विचारू नका.

शनिवारी हे अजून सवयीनं
खिशात हात घालतात, रिकामा काढतात,
मग खात्यावरनं खात्यावर पाठवतात.
टिंग माझ्याकडं वाजतं.
ठसे तेवढे येत नाहीत.

कपिलतीर्थ मार्केटात मिठारी भेटले,
रिटायर झालेत, मेथी निवडून घेत होते.
"दिसला न्हाई वहिनी बरेच दिवस.
बिल कोण भरतंय आता?"

मी जुडीची मुळं झटकली,
पिशवीत ठेवली.
म्हटलं,
"नंबर तोच हाय."