पावती

रविवारी सकाळी साडेसात, नगरपरिषदेच्या फाटकाशी
चौघं जमली:
जळगावचं एक जोडपं,
टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले भिवसन वाणी,
आणि सातवीतला एक मुलगा, वही घेऊन.
मी हिलाल बडगुजर, वाचनालयाचा लिपिक,
रविवारपुरता मार्गदर्शक,
गळ्यातलं ओळखपत्र कायम उलटं.

'रोमन खुणांची वाट.' दीड किलोमीटर, नऊ थांबे.
बाण धुडकू पेंटरने काढलेत, पिवळे.
जन्मभर त्याने भिंतींवर कापसाचं बियाणं रंगवलं,
म्हणून प्रत्येक बाणाच्या शेपटीला
एकेक बोंड फुटलंय.

पहिला थांबा, तापीचा जुना घाट.
इथे माल उतरत असावा.
भरुकच्छहून बैल निघत असावेत,
इथे पाणी पीत असावेत,
पुढे अजिंठ्याच्या डोंगराकडे चढत असावेत.
'असावा' हा माझा सगळ्यात झिजलेला शब्द.
नदीत बघावं तर धरणाचं थोपलेलं पाणी,
एक टायर, आणि टायरवर बगळा.

तिसरी पाटी पिठाच्या गिरणीत.
गिरणीवाला ज्वारीचं पोतं सरकवतो, आम्ही वाचतो,
तो पोतं परत लावतो.
वाणींच्या मिशीवर पीठ.

चौथ्या थांब्यावर मुलगा विचारतो,
रोमन इथे आले होते का?
तीन वर्षांत कुणी इतकं सरळ विचारलं नव्हतं.
नाही रे, म्हटलं, बहुधा नाहीच.
त्यांचा एक रांजण आला, आपल्यापर्यंत फक्त त्याचा कान पोचला.
आतलं मद्य वाटेतच कुणीतरी संपवलं असेल.
मुलाने वहीत 'नाही' लिहिलं
आणि खाली दोन रेघा ओढल्या.

पाचव्या बाणावर कुणाच्या तरी लग्नाचं पोस्टर.
नवरदेव गॉगल लावून
आम्हाला उजवीकडे जा म्हणत होता. आम्ही डावीकडे वळलो.

भोईवाडा. सुपडाबाईचं अंगण. थांबा सहा.
शौचालयाचा खड्डा खणताना, पाच फुटांवर,
मातीची एक चकती सापडली, रुपयाएवढी,
वर दोऱ्यासाठी भोक.
कुणा बादशहाचं नाणं बघून
इथल्याच कुणीतरी साच्यात दाबलेला चेहरा.
तपासायला आलेले साहेब म्हणाले, नक्कल आहे.
मला विचाराल तर पानांचा मुकुट त्याचा,
नाक आमचं.
रुंद, शेंड्याला बसकं,
या गल्लीत रोज सकाळी दात घासताना दिसतं.

'मन्ही बकरीना गयामा बांधेल व्हती मी,' सुपडाबाई सांगते,
'नजर नको लागाले. राजा शे, माले काय माहीत!'
सतरा दिवस
रोमचा धनी गोठ्यात झोपला,
लिंबाचा पाला खाणाऱ्या गळ्याखाली हलत राहिला.
दूध वाढलं का, जळगावच्या बाईंनी विचारलं.
दूध नाही वाढलं.
पण त्या साली बकरी आजारी पडली नाही.

मग जीप आली, चकती पुण्याला गेली.
पाटीवरचा तिचा फोटो उन्हाने
पांढरा पडलाय, नाकासकट.
'बघायला काय आहे मग?' वाणी म्हणाले.
सुपडाबाई आत गेली, डब्याचं झाकण वाजलं,
प्लास्टिकमध्ये बंद केलेली पावती घेऊन आली.
मातीचा तुकडा, नग एक. किंमत निरंक.
खाली गोल शिक्का, त्यातले सिंह पुसट.
पावती हातोहात फिरली.
मुलाने ती उन्हात धरून
मागूनही वाचली.

पुढे तीन थांबे होते. आठ वाजून गेलेले,
ऊन पाठीवर बसायला लागलं होतं.
निघताना खुंट्याशी बघितलं,
त्या बकरीची नात उभी.
गळ्यात लाल दोरा,
दोऱ्यात सोडावॉटरच्या बाटलीचं झाकण,
मधोमध खिळ्याने पाडलेलं भोक.

इथे पाटी नाही.
मी क्षणभर थांबलो, घसा साफ केला,
आणि 'असावा' तोंडात आलेला
तसाच गिळून
त्यांना म्हटलं, चला,
पुढे विहीर आहे, पायऱ्या सांभाळा.
मुलगा आला नाही लगेच.
वही मांडीवर घेऊन बसला होता,
झाकणाभोवती पेन्सिल फिरवत,
आणि बकरी
वहीचा कोपरा खात होती.