रिकामं वजन

अकरा दिवस झाले गाड्या उभ्या.
अंबड चौफुलीच्या पुढं एकच लिंब.
त्याची सावली सकाळी मुनीरच्या केबिनवर,
दुपारी माझ्या,
चारनंतर नुसती रस्त्यावर पडून राहते,
आमच्यासारखी.

सोळंकेचा फोन येतो.
हैदराबाद, सळई, एकवीस टन. बाराशे.
काल साडेबाराशे होते, परवा तेराशे.
"बाजार बसलाय, भाऊ."
नेमका कुठं बसलाय, विचारलं एकदा.
हसला. म्हणाला, "तुमच्या मानेवर."

दगडू खरातनं टायरवर खडूनं हिशेब मांडला.
जातानाचं डिझेल, येतानाचं डिझेल,
टोल, ज्याची पावती मिळत नाही ते,
ताडपत्रीचं भाडं, दोन वेळची भाजी-भाकर.
बेरीज टायरभर गोल फिरली
आणि परत डिझेलपाशी आली.
"चौदाशेच्या खाली कुणी हलायचं नाही."
सात जण होतो.
सातही जणांनी त्याच्या स्टेअरिंगला हात लावला.
मुनीर म्हणाला, "जो हलला, त्याच्या चहात मीठ!"
लई हसलो त्या संध्याकाळी.
फर्नेसच्या धुरानं आभाळ तांबूस झालं होतं,
कुणाचं तरी लोखंड वितळत होतं,
म्हणजे कुणीतरी ते नेणारच होतं.

बाजार बसतो. पाच तारीख बसत नाही.
ती चालत येते, फायनान्सवाल्याच्या बुटात,
आणि घरच्या नंबरवरून बोलते,
कारण माझा मी बंद ठेवतो.
संगीता एवढंच म्हणाली,
"ते म्हणले, गाडी कुठंय ते आम्हाला दिसतं."

रात्री पावणेतीनला उठलो.
चाकामागची वीट काढायला वाकलो
तर अॅक्सलखाली कुत्रीची पिल्लं. चार.
अकरा दिवसांत तिला वाटलं असणार
हे घर आहे.
तिनं दात दाखवले, मग काय समजली, गप बसली.
एकेक उचललं. शर्टात घातलं.
म्हणलं, मुनीरच्या गाडीखाली ठेवू,
अन् अंधारात हात पुढं केला
तर गाडीच नाही.
ऑइलचा डाग, बोटाला ओला लागणारा.
तिथं किती वेळ उभा होतो
ते पिल्लांनाच माहीत, ती ओरडायला लागली.

शेवटी दगडूच्या गाडीखाली ठेवली.
वर केबिनमधे बिडी पेटलेली.
लाल ठिपका एकदा मोठा झाला,
एकदा लहान.
तो काही बोलला नाही. मी काही बोललो नाही.
माझं इंजिन मात्र
सगळ्या चौफुलीला सांगत सुटलं.

मिलच्या गेटवर माझ्यापुढं मुनीर.
आरशात बघितलं त्यानं. उतरला.
टपरीवरून दोन चहा आणले.
आधी दोघांनीही जिभेचं टोक लावून पाहिलं.
गोड होता.
त्याचंच जास्त वाईट वाटलं.
"तुला काय लावला?" त्यानं विचारलं.
"साडेतेराशे," मी म्हणालो.
"मलाबी," तो म्हणाला.

सात वाजता सोळंके आला, मोटारसायकलवरून न उतरता.
"दोन गाड्या आल्यात म्हणल्यावर
शेठ अकराशे म्हणतोय.
बघा, नको असेल तर परत लावा लिंबाखाली."
लिंब किती लांब होता तिथून!
पाऊण किलोमीटरही नाही.

काट्यावर गाडी घेतली. भरण्याआधी
रिकामं वजन घ्यावं लागतं.
"ड्रायव्हर खाली!" खिडकीतनं पोरगा ओरडला.
उतरलो.
आकडा थरथरला आणि सत्तर किलोनं घसरला.
एवढाच मी.
अकराशेच्या दरानं
सत्याहत्तर रुपये.
"काय हसू राहिले, काका?"
"काही नाही रे.
परत चढू का, ते सांग."