टेम्पररी

सोहार बंदर. रात्रीचे दोन.
सर्व्हर नव्या खोलीत हलवला तेव्हापासून
एकशे चौदा स्विच जुन्याच दाराशी उभे राहून
वेळ विचारताहेत,
आतून कुणी ओ देत नाही.
क्रेनवरचं घड्याळ चार मिनिटं मागे.

पारकर, तुम्ही प्रत्येकात ठोकून ठेवलात
१०.४०.७.१९
आणि खाली शेरा: टेम्पररी. ईदनंतर बदलणे.
कुठली ईद, ते लिहिलं नाहीत.

मी एकेक उघडते. आकडा खोडते, नाव लिहिते.
नावाचा पत्ता एकाच वहीत;
पुढच्या वेळी सर्व्हर हलला
तर तिथली एक ओळ बदलायची, झालं.
त्या वहीचा आकडा मात्र लिहावाच लागतो.
एवढा एक खिळा कुणालाच चुकत नाही.

शहाण्णवावा स्विच गेट चारच्या कंटेनरमध्ये.
एसी बंद. लॅपटॉप मांडीवर भाजतोय,
दोस्तेन टॉर्च धरून विचारतो, मॅडम, घर कुठं?
फलजला, म्हणते, लॉन्ड्रीच्या मागे.
तो हसतो. लॉन्ड्री पाडून वर्ष झालं.

तुमचा नंबरही लावून पाहिला होता, पारकर.
कुणी ट्रकवाला होता, मागे हॉर्न, वारा.
पारकर? नो पारकर.
पुन्हा करू नका म्हणाला, नीटच म्हणाला.

चार वाजता क्रेनवरचे आकडे
एकदम चार मिनिटं पुढे उडाले.
दोस्तेननं आपलं मनगट पाहिलं.

शेवटच्या स्विचमधला तुमचा शेरा
तेवढा राहिलाय.
ईदनंतर बघते.