शहर पाहावं उचलून

लोक विचारतात, लुशस, तू एवढा फिरतोस,
राहायला कुठलं बरं?
मी काय सांगणार.
मी शहरं पाहिली ती पाठीवर कपाट घेऊन,
नजर पुढच्या पायरीवर.
घर पाहावं बांधून म्हणणाऱ्यांनी
ते कधी तिसऱ्या मजल्यावरून उतरवलेलं नसावं.

बॉस्टनचे जिने मागल्या अंगाला, लाकडी,
थंडीत कुरकुरणारे.
एक सप्टेंबरला तिथे अर्धं शहर
उरलेल्या अर्ध्याच्या घरात राहायला जातं.
फुटपाथभर गाद्या, दिवे, लंगड्या खुर्च्या,
आणि नदीकाठच्या रस्त्यावर दरवर्षी
एखादा नवखा पोरगा ठेंगण्या पुलाखाली
ट्रकचं छप्पर सोलून घेतो, डबा उघडावा तसं.
पुलावर पाटी असते.
एवढी कॉलेजं, आणि पाटी वाचत नाहीत!

न्यूयॉर्क म्हणजे पाच जिने, लिफ्ट नाही,
खाली पोचेपर्यंत काचेवर दंडाची पावती.
पण ब्रुकलिनमध्ये एकदा सोफा वळणावर अडकला
तेव्हा वरून एक बाई, खालून पिझ्झा घेऊन आलेला मुलगा,
मधल्या मजल्यावरून बनियनमधला म्हातारा,
तिघांनी एकमेकांना शिव्या घालत तो सोडवला
आणि दारं लावून घेतली.
नाव कुणी कुणाचं विचारलं नाही.

वॉशिंग्टनच्या लिफ्ट ऐसपैस.
तिथली माणसं निम्मी खोकी उघडतच नाहीत.
मागच्या बदलीची चिकटपट्टी, तिच्यावर या बदलीची.

बाल्टिमोर माझं. ते सोडा.
तीन संगमरवरी पायऱ्या होत्या, आई दर शनिवारी घासायची.
आता खिडक्यांना प्लायवूड आहे,
पायऱ्या तेवढ्या अजून पांढऱ्या, कुणासाठी कोण जाणे.
ज्या तराजूवर आपणच उभे
त्याचा काटा वाचायचा कसा?

फेब्रुवारीत मिसेस फुर्टाडोंना सॉमरविलहून
दक्षिण फिलाडेल्फियाला नेलं, लेकीच्या गल्लीत.
नियमात बसत नाही, तरी त्या माझ्या शेजारी बसल्या.
मांडीवर स्वयंपाकघरातली खुर्ची,
पाठ मोडलेली, तीनदा रंगवलेली.
म्हटलं, बाई, ही टाकून देऊ.
म्हणाल्या, नवरा बर्फ उपसून गाडीची जागा करायचा
आणि ही मध्ये ठेवून कामावर जायचा.
चाळीस हिवाळे कुणी हलवली नाही.
ही खुर्ची नाही रे, जागा आहे.

कनेक्टिकटभर त्या विचारत राहिल्या,
तिथली माणसं कशी? पाव मिळतो का? मासळी?
न्यू जर्सीत झोपल्या, खुर्ची घट्ट धरून.

फिलाडेल्फियाची गल्ली म्हणजे सुईचं नेढं.
दोन्हीकडे बर्फाचे ढीग, ट्रकला जागा नाही,
आणि एका मोकळ्या चौकोनात
कुणाची तरी इस्त्रीची घडवंची उभी.
मी हॉर्न वाजवला.
एक माणूस चपला घालून बाहेर आला,
आधी माझ्या ट्रक वळवण्याच्या पद्धतीवर भरपूर बोलला,
मग घडवंची काखेत मारून म्हणाला,
उतरवून घ्या. मग परत लावतो.

जिना असला अरुंद की पलंग खिडकीतून चढवावा लागला.
तोही त्यानेच ओढला, बोलतच.

निघताना आरशात पाहिलं.
घडवंची जागेवर आली होती.
तिच्या शेजारच्या ढिगाला फावडं लावून
मिसेस फुर्टाडो जागा करत होत्या.
त्यांना गाडी चालवता येत नाही.

रात्री अकराला बाल्टिमोर.
माझ्या गल्लीत चार फेऱ्या मारल्या,
शेवटी दोन चौक पलीकडे ट्रक लावून
बर्फातून चालत आलो.

तर कुठलं बरं?
मी उलट विचारतो, सामान किती आहे,
आणि त्यात टाकून देण्यासारखं काय आहे
असं तुम्हाला वाटतं?