बारा टॅपेट

ट्रक खोकत होता सुगीपासून.
दीदो म्हणायचा, पेट्रोल खराब. मग म्हणायचा, प्लग.
मग काहीच म्हणेनासा झाला.
दुखणं अंगावर काढायची सवय दोघांनाही.

नोव्हेंबरात, शेवटचा गहू एलिव्हेटरला पोचल्यावर
त्यानं शेडमधला लाकडाचा स्टोव्ह पेटवला
आणि हाक मारली : लेस्या, उजेड धर.

छपन्न सालचं इंजिन, सहा सिलिंडर एका ओळीत.
झाकण उचललं तर आत बारा रॉकर,
चर्चच्या बाकांवर बसल्यासारखे, तेलानं काळे.
पुशरॉडच्या डोक्यावर डायल गेज टेकवून
तो म्हणाला, फिरव.
मी पुलीच्या बोल्टला पाना लावून फिरवत राहिले,
काटा चढे, थांबे, उतरे.
दीदो आकडे लिही खडूनं, थेट मडगार्डवर.
एक ते आठ, जवळजवळ सारखेच.
नववा निम्म्यावरून परतला.
पुन्हा फिरव.
पुन्हा निम्म्यावरूनच.
हाच, म्हणाला तो,
आणि स्वच्छच असलेला चष्मा पुसला.

टॅपेट चुंबकानं वर आले, एकेक.
क्रम चुकू नये म्हणून त्यानं अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आणला.
बारा खळगे.
झाकणावर पेन्सिलीनं, पारास्काच्या अक्षरात :
सोमवार. दोन फुटकी.
तिला जाऊन सहा वर्षं झाली.
इतके दिवस ट्रे कुठे होता, मी विचारलं नाही.

मग जाळी, रेडिएटर, पुढचं झाकण,
गिअरच्या भोकांतून हात घालून आतले दोन बोल्ट.
ओढ आता, पण घाई नको, बेअरिंगला ओरखडा येईल.
हातभराहून लांब तो शाफ्ट
श्वास धरून बाहेर घेतला आम्ही.
नववा लोब
जुन्या नाण्यावर राणीचं नाक जातं
तसा गेलेला.

अकरा टॅपेट तर चांगले आहेत, मी म्हटलं.
तेवढा एक नवा घालू. पैसे वाचतील.
दीदोनं एक टॅपेट उचलला, तळ अंगठ्यानं चाचपला.
हा ज्याच्याशी घासून बसलाय, त्याच्याशीच बसलाय.
नव्या शाफ्टवर ठेव, तासाभरात खाईल त्याला.
मग बराच वेळ तो स्टोव्हमध्ये लाकडं सारत बसला,
लाकडं पुरेशी होती तरी.

ट्रेचं झाकण लावताना
पारास्काच्या ओळीखाली त्यानं लिहिलं :
शुक्रवार. एक फुटका.

नवा शाफ्ट. काळं, चिकट ग्रीस प्रत्येक लोबवर.
गिअरवरचा ठिपका ठिपक्यासमोर,
मी बघितलं, त्यानं बघितलं, पुन्हा मला बघायला लावलं,
डोळ्यांत तेल घालून म्हणतात ते खरंच, भुवईवरून ओघळत होतं.

सुरू झाल्यावर सोडायचं नाही, तो म्हणाला.
वीस मिनिटं, दोन हजारांवर. हळू चाललं तर नवा मरतो.
आयुष्यभर इंजिनांना गोंजारणारा माणूस,
थ्रॉटल दाबून उभा, दात आवळून.
धुरासाठी दार उघडं, दारातून बर्फ आत,
शेजारच्या ओलेनाचा फोन : आग लागली का रे तुमच्याकडे?
मी ओरडले, नाही, नांदायला शिकतोय!
कोण? तिनं विचारलं. कोण?

विसाव्या मिनिटाला दीदोनं हात काढला.
आवाज खाली आला, अडखळला,
बसला.
त्यानं गार कॉफीचा कप रॉकरच्या झाकणावर ठेवला
आणि आम्ही दोघं वाकून बघत राहिलो
कॉफीवर उठणारी वर्तुळं.