दोन बीम

डिस्कची वाटणी करत होते, नायना मागे उभे.
'वाटणी' ऐकून चेहरा उतरला त्यांचा,
शेडच्या वेळी काकांशी झालं ते आठवलं असेल.
म्हटलं, भिंत नाही घालायची, नुसती रेघ.
तुमची बिलं डावीकडे, जिथल्या तिथे.
उजवीकडचं पेंग्विनवालं माझं.

वाटलं, विचारतील, एका यंत्रात दोन कशाला?
तर म्हणाले, "टॉवेलच्या मागाला दोन बीम असतातच की.
एक ताठ, एक ढिला.
ढिल्याचीच लूप उठते."
आणि चहाला गेले.

चौसष्ट टक्क्यांवर लाईट गेली.
हल्ली एकच पाळी, तीही थांबली.
अशोक चौकापर्यंतचे माग एकदम गप्प,
तेव्हा कळलं आपण घरात किती ओरडून बोलतो.
अम्मा विड्यांचं सूप घेऊन उजेडाला दारात सरकली.
मी काळ्या पडद्यासमोर
मार्च ते जूनची बिलं मनात मोजत राहिले.

तीन दिवस गेले. मग उमटली यादी:
दोन नावं, खाली दहापासून उलटे आकडे.
नायना बोट रोखून बसतात,
सातलाच दाबून मोकळे.

एक मात्र राहिलं.
माझ्याकडून त्यांच्याकडे गेलं की
घड्याळ साडेपाच तास मागे.
रात्री आठला तिथे दुपारचे अडीच.
दुरुस्त करते, म्हटलं.
"असू दे," म्हणाले,
"अडीचला शेड चालू असते."