रुवी, शुक्रवार संध्याकाळ

टोकन एकशे बारा.
काचेपलीकडे शिबू, पंधरा वर्षं तोच,
आधी केस होते त्याला.
नाव विचारत नाही, स्वतःच टाइप करतो:
रुकय्या दाऊद परकार, दापोली शाखा.
मशीनला कारण लागतं.
यादीत कौलं नव्हती कधी,
बोअरला पाणी न लागणं नव्हतं,
धाकटीचा चष्मा नव्हता.
शिबू न बघताच दाबायचा: कुटुंबखर्च.

काल मुबीनचा फोन,
"अब्बा, माझा पगार झाला. आता नका पाठवू."
बरं, म्हणालो. दोनदा म्हणालो.
मग कँटीनमध्ये डाळ वाढून घेतली
आणि भात घ्यायचा विसरलो.

तरी आज रांगेत उभा,
नोट खिशातच घडी करत, उलगडत.
तिकडे इशाची अजान होऊन गेली असेल.
मोबाईल वाजेल, रुकय्या हात पुसत येईल,
आकडा वाचेल, शून्यं परत मोजेल,
आणि फोनवर त्यातलं काही बोलणार नाही;
सुरमई किती महाग झाली, तेवढं सांगेल.

"किती?"
दहा रियाल.
शिबू मान वर करतो. "दीड तर फीच आहे, भाई."
असू दे.
त्याचं बोट बटणावर थांबलेलं.
"कारण?"
पंधरा वर्षांत पहिल्यांदा विचारतोय.
मागे कुणीतरी खोकतं.